गाडीतला बूफर आणि आपले कान

आरोग्याच्या सदरात गाडीतल्या स्पीकरच्या वायरिंगचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मधुमेह, रक्तदाब, लहान मुलांचे जुलाब हे विषय सोडून डॉक्टर आता टेप दुरुस्तीकडे वळले की काय, अशी शंकाही कोणी घेईल. शंका रास्त आहे. पण कानाच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्या तरुण मुलांशी बोलताना या विषयाशी गाठ पडली आणि त्यात जरा खोल शिरल्यावर लक्षात आले की, यातल्या काही जणांच्या दुखण्याची सुरुवात गाडीच्या डिकीत, दोन वायरींच्या जोडावर झालेली आहे. म्हणून आजचा लेख.

डिकीतल्या त्या मोठ्या, घुमणाऱ्या स्पीकरला इंग्रजीत सबवूफर म्हणतात. आपल्याकडे त्याचा बूफर झाला आहे. मीही तोच शब्द वापरतो. तसेच गाडीतल्या यंत्राला आपण अजून टेपच म्हणतो; कॅसेट जाऊन कित्येक वर्षे झाली, पण नाव राहिले आहे.

वडापची गाडी चालवणारा एक चोवीस वर्षांचा मुलगा आईला घेऊन आला होता. खरे तर आईच त्याला घेऊन आली होती. त्याची तक्रार एका वाक्याची होती, "डॉक्टर, रात्री पाठ टेकली की कानात रातकिडं वरडायला लागत्यात." आईची तक्रार अधिक लांब होती. हाक मारली तरी ओ देत नाही, बोलताना सारखा "काय? काय?" करतो, मागून पोरगा भाड्याचे पैसे सांगतो तेव्हा सातचे साठ ऐकतो आणि त्यावरून भांडणे होतात. मुलाचे म्हणणे, कानात मळ असेल, तेवढा काढून टाका.

कानात मळ नव्हता. पडदा स्वच्छ, चमकदार, कुठे भोक नाही. ट्यूनिंग फोर्क कानाशी धरला, तोही त्याला व्यवस्थित ऐकू आला. मुलगा खूश होऊन उठायला लागला. इथेच पुष्कळांची फसगत होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आम्हा जनरल प्रॅक्टिशनर मंडळींच्या टेबलावर जो फोर्क असतो तो साधारण ५१२ हर्ट्झचा, म्हणजे मधल्या पट्टीचा. मोठ्या आवाजाने कान जेव्हा बिघडतो तेव्हा तो आधी ३ हजार ते ६ हजार हर्ट्झच्या दरम्यान, बहुतेक वेळा ४ हजारच्या आसपास बिघडतो. त्याचा पत्ता फोर्कला लागत नाही आणि पडदा पाहूनही लागत नाही. पडदा चांगला म्हणजे कान चांगला, हा समज चुकीचा आहे. पडदा हे नुसते दार आहे. ऐकण्याचे काम आत, गोगलगायीच्या शंखासारख्या वेटोळ्या नळीत चालते. तिथे प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केशपेशी असतात आणि तेवढ्याच भांडवलावर माणसाला जन्म काढायचा असतो. त्वचा पुन्हा भरून येते, हाड सांधते. माणसाच्या कानातली केशपेशी एकदा मेली की तिच्या जागी दुसरी उगवत नाही.

त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी ऑडिओमेट्रीसाठी पाठवले. कागदावर दोन्ही कानांचा आलेख ४ हजार हर्ट्झला विहिरीसारखा खाली गेलेला होता. स, श, त, ठ, फ, ख या अक्षरांचा धारदार भाग याच वरच्या पट्टीत असतो. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, आणि घरच्यांना वाटते की हा मुद्दाम दुर्लक्ष करतो आहे.

मग साहजिकच गाडीची चौकशी केली. मागच्या सीटखाली एक बारा इंची बूफर पूर्वीपासून होता. दिवाळीत मित्राने आपली गाडी विकली, तेव्हा त्यातला दहा इंची बूफर याने स्वस्तात घेतला आणि त्याच ॲम्प्लिफायरला जोडून घेतला. का, असे विचारल्यावर त्याने जे सांगितले ते मला फार महत्त्वाचे वाटले. तो म्हणाला, "एकावर बेस कमी पडत हुता म्हणून दुसरा लावला. लावल्यावर बेस आणखी कमी झाला. मग आवाज वाढवला."

या तीन वाक्यांत सगळी रोगकथा आली आहे.

माझे एक जुने रुग्ण आहेत. त्यांनी सारी हयात रेडिओ आणि टेप दुरुस्त करण्यात घालवली. हा प्रकार मी त्यांच्यापुढे मांडला तेव्हा त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्याच कागदावर आकृती काढून मला समजावले. बारावीला ओहमचा नियम पाठ केला होता, तो इतक्या वर्षांनी कामी आला.

बूफरच्या पाठीवर ओहमचा आकडा लिहिलेला असतो. बारा इंची ४ ओहमचा, दहा इंची २ ओहमचा. ॲम्प्लिफायरवरही लिहिलेले असते की तो कमीत कमी किती ओहमवर चालवावा. या मुलाचा २ ओहमचा होता. आता प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असे दोन्ही बूफर एकत्र जोडले, म्हणजे पॅरलल जोडणी केली, तर ४ आणि २ मिळून ६ होत नाहीत. होतात १.३३ ओहम. म्हणजे ॲम्प्लिफायरला परवानगी असलेल्या मर्यादेच्याही खाली. त्याला मग झेपेल त्यापेक्षा जास्त प्रवाह द्यावा लागतो, तो तापतो, लाल दिवा लागतो आणि गाणे मध्येच बंद पडते. शिवाय अशा जोडणीत २ ओहमच्या बूफरला ४ ओहमवाल्याच्या दुप्पट शक्ती जाते. इथे गंमत अशी की दहा इंची बूफरची ताकद होती १५० वॅट आणि बारा इंचीची ३००. म्हणजे अशक्त बैलावर दुप्पट ओझे. त्याची कॉइल तापते, तिच्यावरचे रोगण जळते आणि गाडीत तो विशिष्ट करपट वास येतो. दम्याच्या रुग्णाला बंद काचांच्या गाडीत तो धूर सोसत नाही, हे ओघाने सांगतो.

लाल दिवा लागायला लागल्यावर फिटरने जोडणी बदलली. दोन्ही बूफर एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये घातले. आता झाले ६ ओहम. लाल दिवा थांबला. पण २ ओहमवर ६०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर ६ ओहमवर साधारण २०० वॅटच देतो आणि त्याचीही वाटणी समसमान नाही. ४ ओहमवाल्याला १३३, तर २ ओहमवाल्याला ६७. (हे झाले कागदावरचे गणित. प्रत्यक्षात सुरागणिक ओहम बदलत असतात, पण हिशेबाची दिशा हीच.) आवाज बसला.

एवढ्यावर भागले असते तरी ठीक होते. खरी मेख पुढे आहे. बारा इंची बूफर बंद खोक्यात होता, दहा इंची भोकाच्या खोक्यात. या दोन प्रकारच्या खोक्यांतला बूफर एकाच क्षणी सारखा हलत नाही. काही सुरांवर एक हवा पुढे ढकलत असतो तेव्हा दुसरा मागे ओढत असतो. एक खिलार आणि एक रेडा एकाच जुवाला जुंपल्यावर औताचे जे होते तेच इथे होते. दोघेही दमतात, रान मात्र नांगरून होत नाही. त्यातून एखाद्या बूफरच्या प्लस-मायनस वायरी उलट लागल्या असतील तर विचारायलाच नको. दोन्ही बूफर थरथरत असतात, हात लावला तर हाताला कळते, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बेस जवळजवळ नाहीसा झालेला असतो.

तरुण मुलगा अशा वेळी काय करतो? तो वायर तपासत नाही. तो टेपचे बटण फिरवतो. आधी टेपचे, मग ॲम्प्लिफायरवरचे गेन नावाचे बटण. वास्तविक गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. टेपमधून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प्लिफायरचे जमवून देण्यासाठी ते असते. ते शेवटापर्यंत फिरवले की ॲम्प्लिफायरची ताकद संपते आणि आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जाऊ लागतात. त्यातून मूळ गाण्यात नसलेले वरच्या पट्टीचे कर्कश सूर तयार होतात. आणि टेपचे बटण वाढवल्यावर नुसता बूफर वाढत नाही. दारांतले, डॅशबोर्डावरचे छोटे स्पीकरही तितकेच किंचाळू लागतात, आणि ते तर कानापासून हात-दीड हातावर असतात.

वाचकांनी इथे थोडे थांबून लक्ष द्यावे. "बेसने कानाला काही होत नाही" असे ही मुले सांगतात आणि त्यात अर्धे सत्य आहे. खालच्या सुरांना आपला कान खरोखरच कमी संवेदनशील असतो. कानाला जास्त इजा होते ती मधल्या आणि वरच्या सुरांनी. पण बेस मिळत नाही म्हणून जे बटण वाढवले जाते त्यामुळे हेच मधले आणि वरचे सूर वाढतात. मुलाला हवी होती ढोलकीची घुम आणि त्याच्या कानात गेली सनईची, झांजेची, गायिकेच्या वरच्या स्वराची धार, तीही रोज आठ-दहा तास. न जुळणारे दोन बूफर कान फोडत नाहीत. ते बटण वाढवायला लावतात आणि कान दुसऱ्याच स्पीकरकडून बिघडतो. माझ्या मते या प्रकरणातला मुख्य धोका हा आहे, आणि त्याकडे कुणाचे लक्ष नाही.

आता आवाजाचे प्रमाण. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ साली घालून दिलेला हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला एक तास आणि १०० डेसिबलला फक्त पाव तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गाणी ऐकण्यासाठी याहून कडक माप सुचवले आहे. मोठ्या माणसांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांना ७५. बंद काचांच्या गाडीत बूफर, ॲम्प्लिफायर आणि चार स्पीकर असतील तर १०० च्या पुढे जाणे मुळीच अवघड नाही. आपल्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत पाव तास केव्हाच होऊन गेलेला असतो.

यात आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, तो ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला जेमतेम फरक जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ३०० चे ६०० वॅट करायला मुलाने पदरचे पैसे घातले, कानाला जाणवेल न जाणवेल एवढा फरक पडला आणि सुरक्षित वेळ मात्र निम्म्यावर आली. हा व्यवहार मला तरी घाट्याचा वाटतो.

कानाशिवाय आणखी एका अवयवाबद्दल सांगायला हवे. २००४ साली 'थोरॅक्स' या ब्रिटिश वैद्यकीय मासिकात मोठ्या आवाजातल्या संगीतामुळे फुप्फुसाला बारीक भोक पडून ते मिटल्याच्या घटना प्रसिद्ध झाल्या. चार रुग्ण, पाच प्रसंग. त्यांतला एक तरुण स्वतःच्या गाडीत गाणी ऐकत चालला होता आणि त्याच्या गाडीत १००० वॅटचा बूफर होता. खालच्या सुरांचे हवेचे हेलकावे फुप्फुसाच्या काही कमकुवत जागांना सोसले नसावेत, असा तिथल्या डॉक्टरांचा कयास. चार रुग्णांवरून गावभर घाबरवत सुटणे मला पसंत नाही. ही गोष्ट दुर्मिळ आहे. पण हा आजार मुळातच उंच, सडपातळ, तरुण आणि सिगारेट ओढणाऱ्या मुलांना अधिक होतो. गाडी चालवताना एकाएकी छातीत एका बाजूला कळ आली आणि श्वास पुरेना झाला, तर गॅस झाला म्हणून सोडा पिऊन पुढे जाऊ नये. गाडी बाजूला लावावी आणि सरळ दवाखाना गाठावा.

गाडी चालवणारा निदान स्वतःच्या हौसेने ऐकत असतो. मागे बसलेल्यांचे काय? लहान गाड्यांत बूफरचे खोके मागच्या सीटच्या पाठीला टेकलेले असते आणि पोरेबाळे नेमकी मागेच बसतात. दवाखान्यातून बाळंतीण आणि आठवड्याचे बाळ घरी नेताना आनंदाच्या भरात गाणी लावलेली मी पाहिली आहेत. बाळाला आवाज कमी करा म्हणता येत नाही, तो फक्त दचकतो आणि रडतो. मग आई त्याला दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरही आता भले मोठे स्पीकर दिसतात. दोन ट्रेलर मागे आणि कानाशी भोंगे, अशा चालकाला मागून येणाऱ्या मोटारसायकलचा हॉर्न ऐकू येईल अशी अपेक्षा कशी ठेवायची? व्यावसायिक वाहन परवान्यासाठी आम्ही डॉक्टर नमुना १-अ भरून देतो. त्यात एक प्रश्न असा असतो की, नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा या माणसाला आहे का. माझा हा वडापवाला मुलगा आज त्या प्रश्नात पास होईल. पण याच चालीने गेला तर चाळिशीत काय होईल? त्याची गाडी हप्त्यावर आहे आणि दुसरे काम त्याला येत नाही.

वायरींच्या तापण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण भाजलेला माणूसही शेवटी आमच्याकडेच येतो. ६०० वॅट खरोखर द्यायचे तर गाडीच्या बॅटरीतून पन्नासहून अधिक अँपिअर प्रवाह ओढला जातो. तुलनेसाठी, घरातल्या गिझरचा जाड प्लग १६ अँपिअरचा असतो. एवढा प्रवाह बोटभर लांबीचा नव्हे, तर बोनेटपासून डिकीपर्यंत न्यायचा. त्यासाठी वरून तांब्याचा मुलामा आणि आतून ॲल्युमिनियम अशी स्वस्त, बारीक वायर वापरली जाते, ती पत्र्याच्या भोकातून रबरी बुशाशिवाय ओढली जाते, आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली जाते. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो आणि तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. तो उडतो याचा अर्थ कुठेतरी दुखते आहे. ताप येऊ नये म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखाच हा उपाय आहे.

आता माझे मत. ते काहींना रुचणार नाही. आपल्याकडे अशा वेळी सगळे जण पोलिसांकडे बोट दाखवतात. कायदा आहेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतच्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली शिक्कामोर्तब केले, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या भिंतींना, ज्यांना आपण उगाचच डॉल्बी म्हणतो, हे नियम लावता येतात आणि लावलेच पाहिजेत. पण काचा बंद करून स्वतःच्या गाडीत स्वतःचे कान खराब करणाऱ्या मुलाला कोणता हवालदार थांबवणार? तिथे उपयोगी पडेल तो फिटर.

गाडी सजावटीच्या दुकानांतल्या या मुलांबद्दल मला राग नाही. शाळा सोडून, हातांनी शिकून, चार पैसे मिळवणारी ही मुले आहेत. पण आमच्या धंद्यात दोन डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र आल्या तर औषध दुकानदाराने विचारायचे असते की, दोन्ही चालू आहेत का. तसे फिटरनेही विचारावे. दुसरा बूफर घेऊन कुणी आले तर आधी दोन्हींच्या पाठीवरचे ओहम वाचावेत, वॅट वाचावेत. वॅट म्हणजे आर. एम. एस. वॅट, डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला हजारांतला आकडा तो नव्हे. ॲम्प्लिफायरची मर्यादा वाचावी, खोकी एका जातीची आहेत का पाहावे. जमत नसेल तर "हे जुळत नाही, दोन्ही लावू नका" असे सांगावे. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल ही भीती खरी आहे. पण दोन आठवड्यांनी जळकी कॉइल घेऊन तेच गिऱ्हाईक भांडायला येते, हेही खरेच.

ज्यांच्या गाडीत अशी विजोड जोडी आधीच बसलेली आहे त्यांना माझा सल्ला एवढाच की त्यातला एक बूफर काढून ठेवा. विकू नका वाटले तर, पण वायर सोडवा. ॲम्प्लिफायरला शोभणारा एकच बूफर ठेवा, गेन खाली आणा आणि मग ऐका. वडापवाल्या मुलाला हे पटत नव्हते. त्या रेडिओवाल्या काकांनी त्याला दारात उभे करून दहा इंचीची वायर सोडली आणि टेपचा आवाज पूर्वीपेक्षा बराच कमी ठेवून गाणे लावले. पोरगा म्हणाला, "आयला, बेस तर वाढला की!" दोनच हवे असतील तर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे, एकाच ओहमचे आणि एकसारख्या खोक्यातले घ्या. मलाही गाणी आवडतात. गाणी बंद करा असे मी कुणालाच सांगत नाही.

घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. रात्री गाडी बंद करताना टेपच्या आवाजाचा आकडा पाहून ठेवा आणि तो तसाच राहू द्या. सकाळी गाडी सुरू केल्यावर तोच आकडा कानाला टोचला, हात आपोआप बटणाकडे गेला, तर समजा की आदल्या रात्री कान थकून बधिर झाला होता आणि तुम्ही त्या बधिर कानाने आवाज ठरवला होता. रात्रीच्या विश्रांतीने तो बराचसा सावरला. असे सावरणे फार वेळा घडत राहिले की एके दिवशी कान सावरत नाही. दुसरी खूण, शेजारच्या सीटवरच्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता येत नसेल तर आवाज ८५ च्या वर गेला आहे असे धरा. मोबाईलवर आवाज मोजण्याची सोय असते ती ढोबळ अंदाजापुरती ठीक आहे. खालचे सूर ती कमी दाखवते, म्हणून तिच्यावर बेसचा हिशेब करू नये.

कानात सतत शीळ किंवा रातकिडे, गर्दीत बोलणे न कळणे, गाडीतून उतरल्यावर कानात कापूस घातल्यासारखे वाटणे, यांपैकी काही असेल तर कानात तेल घालू नका, काडी घालू नका, आणि रस्त्यावरच्या मळ काढणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका. कानात वाजणाऱ्या रातकिड्यांवर झटपट गोळी नाही. आवाजापासून दूर राहणे हाच पहिला उपचार. ज्यांना मधुमेह आहे, किंवा क्षयासाठी पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने झाली आहेत, त्यांनी अधिकच जपावे, कारण त्यांच्या कानाला आधीच धक्का बसलेला असू शकतो. एका कानाने अचानक, तासा-दिवसात ऐकू येईनासे झाले तर मात्र वाट पाहू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच गुण देतात.

बाकीच्यांनी सवडीने का होईना, एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. ती दुखत नाही, सुई नाही, रक्त नाही. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचे आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचे. तपासणीच्या आधी कानाला पंधरा-सोळा तास शांतता हवी, नाहीतर थकलेल्या कानाचा आलेख येतो आणि तो खऱ्यापेक्षा वाईट दिसतो. तेव्हा आदल्या संध्याकाळपासून टेप बंद ठेवावा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शक्यतो एस. टी.ने, पुढच्या बाजूच्या सीटवर बसून जावे.